पोटदुखी: सकाळपर्यंत थांबायचं की आत्ताच निघायचं?

रात्रीचे अकरा वाजलेले, शेवटची एसटी केव्हाच गेलेली, ग्रामीण रुग्णालय तालुक्याला आणि ऑपरेशन करणारा सर्जन त्याहून पुढे, जिल्ह्याला. अशा वेळी घरात कोणी ‘पोट लय दुखून राह्यलं’ म्हणत विव्हळू लागलं, की रोगाचं नाव काय याची घाई नसते. हे दुखणं सकाळपर्यंत थांबेल का, एवढंच ठरवायचं असतं. नागपुरात धंतोलीला राहणारा माणूस ऑटो करून दहा मिनिटांत दवाखान्यात पोचतो. धारणी, झरी जामणी किंवा एटापल्लीकडच्या टोल्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या छोट्या वस्तीवर, हा निर्णय घरच्यांनाच घ्यावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा ‘दुखतंय किती’ यावर घेतला जातो. माझ्या मते घोळ इथेच होतो. गॅसने अडलेलं पोट माणसाला लोळवतं आणि तासाभरात मोकळं होतं. उलट फुटायला आलेलं अपेंडिक्स सुरुवातीला नुसतं टोचत असतं. म्हणून कळ किती जोराची आहे यापेक्षा कळेसोबत आणखी काय आहे, ते आधी पाहायचं.

आधी माणसाकडे पाहा, मग पोटाकडे

दुखणारा माणूस करतोय काय? तळमळतोय, उठतोय, बसतोय, खाटेवरून उतरून अंगणात येरझारा घालतोय, की हलायला नको म्हणून गुडघे पोटाशी घेऊन निपचित पडलाय?

येऊन जाणारी कळ, जिला आपण मुरडा म्हणतो, ती आतड्यासारखी एखादी पोकळ नळी आवळली जाते तेव्हा येते. तिच्यात माणूस एका जागी बसू शकत नाही. बहुतेक साध्या पोटदुख्या याच जातीच्या. मुतखडाही याच जातीचा, फक्त त्याची कळ भयंकर. पण पोटाच्या आतल्या अस्तराला सूज आली, आतडं फुटलं किंवा आत रक्त साचलं, की हलताना मरणाचं दुखतं. मग माणूस हलतच नाही, श्वाससुद्धा वरवर घेतो, आणि गाडीला खड्ड्यात दचका बसला की ओरडतो. तळमळणाऱ्याकडे घर धावतं आणि शांत पडलेल्याला ‘झोप लागली वाटते’ म्हणून सोडून देतं. यातला दुसरा जास्त धोक्यात असू शकतो.

मग पोटाला हात लावा. माणसाला उताणं झोपवून गुडघे वाकवायला सांगा. तुमचे हात थंड असतील तर आधी एकमेकांवर चोळून घ्या. जिथे दुखत नाही तिथून सुरुवात करून दुखऱ्या जागी शेवटी या. दाबताना नजर पोटावर नको, चेहऱ्यावर ठेवा. दाबलं तर पोट मऊ आहे, हात आत जातो, माणूस बोलतोय, म्हणजे थोडा वेळ आहे. पोट पाटीसारखं टणक, हात लावू देत नाही, तर वेळ नाही. शेवटी एकदा खोकायला सांगा, किंवा टाचा उचलून धपकन खाली टेकवायला सांगा. पोराला लंगडी घालायला सांगितली तरी चालते. खोकल्यावर किंवा टाच आपटल्यावर एकाच जागी चमक निघाली, तर आत सूज असण्याचा संशय घ्या.

कुठून सुरू झालं आणि कुठे गेलं

जागेवरून नक्की निदान होत नाही, पण दिशा कळते. त्यातही दुखणं कुठून कुठे सरकलं, ही माहिती डॉक्टरांना सोन्यासारखी असते.

अपेंडिक्सची चाल ठरलेली आहे. आधी बेंबीभोवती मोघम दुखतं, भूक मरते, एखादी ओकारी होते. मग काही तासांत, कधी दिवसभरात, दुखणं उजव्या बाजूला खाली येऊन एका जागी बसतं आणि बारीक ताप भरतो. दहा ते तीस वर्षांच्या पोरापोरींमध्ये हे जास्त दिसतं, पण वयाचा नियम नाही. घरोघरी एक चूक होते: ‘पोट साफ नसेल’ म्हणून एरंडेल किंवा जुलाबाची गोळी. सुजलेल्या अपेंडिक्सवर जुलाब दिला तर ते फुटायचा धोका वाढतो. आणखी एक फसवा प्रकार आहे. दोन दिवस दुखलेलं पोट अचानक थांबतं, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि काही तासांनी सगळं पोट दुखायला लागून ताप चढतो. ते थांबणं फुटल्याचं असू शकतं.

उजव्या बरगडीखाली, लग्नाची पंगत किंवा सावजीचं तर्रीबाज जेवण झाल्यावर दोन-चार तासांनी दुखू लागलं आणि कळ पाठीत नाही तर उजव्या खांद्यात गेली, तर पित्ताशयातले खडे आठवा. सोबत थंडी-ताप आणि डोळे पिवळे असतील तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं.

कमरेच्या एका बाजूने सुरू होऊन जांघेत उतरणारी कळ मुतखड्याची. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि माणूस दिवसभर शेतात किंवा बांधकामावर एका बाटलीवर काढतो, तेव्हा लघवी घट्ट होऊन खडे धरतात. पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपोआप निघतात, त्यामुळे नुसत्या कळेने घाबरायचं कारण नाही. पण खड्यासोबत थंडी वाजून ताप आला, किंवा लघवीच बंद झाली, तर थांबू नका. अडकलेल्या लघवीत जंतू वाढले की मूत्रपिंड आणि जीव दोन्ही जातात.

छातीच्या खड्ड्याखाली जळजळ आणि दुखणं हे आम्लपित्ताचं किंवा अल्सरचं. वखरणी, निंदण, कापूस वेचणी करून अंग ठणकतं, मग किराणा दुकानातून अंगदुखीची गोळी घ्यायची, तीही उपाशीपोटी, वर खर्रा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन या गोळ्या रोज घेतल्या की जठराच्या अस्तराला जखमा होतात. संडास डांबरासारखी काळी आणि चिकट झाली किंवा ओकारीत कॉफीच्या गाळासारखं काही दिसलं, तर आत रक्त वाहतंय. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, म्हणून त्या चालू आहेत का ते डॉक्टरांना सांगा. दारू पिणाऱ्या माणसाला याच जागी जबर दुखून ते पाठीत आरपार जात असेल आणि पुढे वाकून बसल्यावर थोडं हलकं वाटत असेल, तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. हळद-दूध किंवा सोडा घेऊन ती उतरत नाही.

याच जागेचं आणखी एक दुखणं गॅसच्या नावाखाली लपतं. चाळिशीपुढचा माणूस, किंवा शुगर-बीपी असलेली बाई, छातीच्या खड्ड्याशी दाब, अंगाला थंडगार घाम, जीव घाबरा, चालताना धाप. हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. इनो पाजून वाट पाहण्यात वेळ घालवू नका, ईसीजी निघेल तिथे लगेच न्या.

सोबत काय आहे

ओकारी आधी की दुखणं आधी? हगवणीच्या आजारात ओकाऱ्या-जुलाब आणि मुरडा बरोबरीने चालतात, जुलाब झाला की थोडा आराम पडतो. आधी दुखणं आणि मागून ओकारी, हा क्रम ऑपरेशनच्या आजारांत जास्त दिसतो. हिरवी-पिवळी, घाण वासाची ओकारी, फुगलेलं पोट आणि संडासच काय, वाराही सरत नाही, असं असेल तर आतडं अडलंय. पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालेल्यांना आणि हर्निया असलेल्यांना हा धोका जास्त. जांघेतली गाठ रोज आत जायची आणि आज जात नाही, दुखते, तर ती दाबून बसवायच्या फंदात पडू नका.

पोरगा लाजेने ‘पोट दुखते’ म्हणतो आणि दुखत असतं अंडकोषातल्या गोळीत. पीळ पडलेली गोळी साधारण सहा तासांत मोकळी झाली नाही तर निकामी होते. म्हणून बापाने किंवा काकाने सरळ विचारून पाहायचं, त्यात कसली लाज?

म्हातारी माणसं आणि जुनी शुगर असलेली माणसं यांच्याबाबतीत माझा एकच हिशेब आहे: ते सांगतात त्याच्या दुप्पट धरा. त्यांचं दुखणं बोथट होतं, ताप चढत नाही, आणि आत आतडं सडत असतं.

मृग लागल्यापासून तूर येईपर्यंत

पोटदुखीवरच्या शहरी लेखांत न येणाऱ्या तीन गोष्टी आपल्याकडे जीव घेतात.

पहिली, मण्यार. पावसाळ्यात ती रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दात बारीक, सूज नाही, वेदना नाही, पुष्कळदा झोपही मोडत नाही. पहाटे माणूस पोट दुखतं म्हणून उठतो, ओकतो, घसा धरल्यासारखा वाटतो. घरचे रात्रीच्या जेवणाला दोष देतात. तासा-दोन तासांत पापण्या जड होऊन खाली पडतात, थुंकी गिळता येत नाही, मग श्वास अडतो. म्हणून पावसाळ्यात खाली झोपलेल्या धडधाकट माणसाचं पहाटे अचानक पोट दुखलं, तर त्याला वर बघायला सांगा आणि पापण्या पाहा. शंका आली तर चावल्याची खूण शोधत बसू नका, सर्पदंशाची लस आणि श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयाकडे निघा. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

दुसरी, फवारणी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा देशभर चर्चा झाली. फवारणी मात्र दर ऑगस्ट-सप्टेंबरला होतेच. फवारून आलेल्या माणसाच्या पोटात पेटके, मळमळ, जुलाब, तोंडाला लाळ, डोळ्यांत पाणी, घाम, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, छातीत घरघर: ही उन्हाची तक्रार नव्हे. त्याला शेतातून बाहेर काढा, कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग आणि केस धुवा. धुणाऱ्याने हातावर प्लास्टिकची पिशवी चढवावी. ओकायला लावू नका, दूध-तूप पाजू नका. औषधाचा डबा सोबत न्या, कारण त्यावरचं नाव पाहून डॉक्टर उतारा ठरवतात.

तिसरी गोष्ट बारमाही आहे, सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूरपासून अमरावतीपर्यंत हा रक्ताचा आजार घराघरांत आहे, आणि कित्येकांना तो आपल्याला आहे हेच माहीत नसतं. उन्हात पाणी कमी पडलं, ताप आला, थंडीत भिजलं, की रक्तवाहिन्या तुंबून हाडं, पाठ आणि पोट दुखू लागतं. लहान पोराची पानथरी (प्लीहा) अचानक मोठी होऊन पोट डावीकडे वर फुगलं आणि पोरगं पांढरंफटक पडलं, तर रक्त पानथरीत अडकलंय. रक्त चढवण्याची सोय असेल तिथे तासाभराच्या आत पोचायला हवं. याच आजारात पित्ताचे खडे तरुणपणीच होतात. लेकराचं पोट आणि हातपाय पुन्हा पुन्हा दुखत असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी मागून घ्या, आणि कार्ड मिळालेलं असेल तर ते रेशनकार्डासोबत ठेवा.

गढूळ पाणी तर पावसाळ्याचं नेहमीचंच. जुलै २०२२ मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत विहिरीच्या दूषित पाण्याने हगवण पसरून माणसं गेली. एकाच वस्तीत दोन-तीन घरांत एकदम जुलाब सुरू झाले, की आशाताईंना लगेच कळवा. विहिरीत ब्लिचिंग पडेपर्यंत पाणी उकळून प्या.

बायांचं पोट

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत बायांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्यातल्या फार थोड्यांची आधी कधी तपासणी झाली होती. ‘बाईचं पोट दुखतेच’ हे वाक्य आजही सासू, नवरा आणि ती स्वतःही म्हणते.

पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी ओटीपोटात कळा येणं, मांड्या-कंबर भरून येणं हे पुष्कळजणींना होतं. गरम पाण्याची पिशवी किंवा गरम वीट फडक्यात गुंडाळून शेक, आणि जेवल्यावर मेफेनॅमिक अॅसिडची किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेतल्याने फरक पडतो. अल्सर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा दिवस असण्याची शक्यता असेल, तर ही गोळी घेऊ नये. पण दरवर्षी कळा वाढत चालल्यात, पाळी नसतानाही दुखतं, जवळीक करताना दुखतं, शाळा-मजुरी बुडते, अंगावरून घाण वासाचं पाणी जातं आणि ताप येतो, यापैकी काही असेल तर दाखवायला हवं.

आणि हे पाठच करा: पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूला दुखणं, चक्कर किंवा भोवळ, थोडा रक्तस्राव, कधी खांद्याच्या टोकाला दुखणं. गर्भ पिशवीबाहेर नळीत वाढून नळी फुटली असू शकते, आणि आत इतकं रक्त जातं की बाई बघता बघता जाते. ‘हिचं तर ऑपरेशन झालंय, दिवस कसे राहतील?’ असं म्हणून हे उडवून लावलं जातं. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर क्वचित दिवस राहतात, पण राहिलेच तर नळीत राहण्याची शक्यता जास्त. आशाताईंकडे लघवीच्या तपासणीचं निश्चय किट असतं. मात्र चक्कर येत असेल तर किटच्या रेषांची वाट न पाहता निघा.

सातव्या महिन्यानंतर पोट सतत दगडासारखं कडक, रक्तस्राव, किंवा छातीच्या खड्ड्याशी दुखून डोकं ठणकणं आणि नजर अंधुक होणं, हीही लगेच निघण्याची लक्षणं. गरोदर बाई, बाळंतीण आणि नवजात बाळासाठी १०२ ची गाडी मोफत आहे.

लेकरं

बहुतेक वेळा जंत, बद्धकोष्ठ, नाही तर शाळेची भीती. फेब्रुवारी आणि ऑगस्टमधल्या जंतनाशक दिनी अंगणवाडीत आणि शाळेत मिळणारी गोळी चुकवू नका. वर्षाच्या आतलं बाळ थांबून थांबून किंचाळतं, पाय पोटाशी घेतं, मध्येच मलूल पडतं आणि लालसर जेलीसारखी संडास करतं, तर आतड्यात आतडं शिरलंय, सरळ जिल्हा रुग्णालय.

मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याने चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. आजही अशी होरपळलेली बाळं रुग्णालयात येतात. चटक्याने पोट उतरत नाही, उलट जखमेतून जंतू शिरतात. जी आजी हे करते ती प्रेमानेच करते, म्हणून तिच्याशी भांडण्यापेक्षा आशाताईंनी आणि घरातल्या सुनेने आधीच तिच्याशी बोललेलं बरं. बेंबी सरकली म्हणून पोट जोरात चोळणंही तसंच. साध्या मुरड्यात चालून जाईल, अपेंडिक्समध्ये घात करेल.

घरी थांबायचं ठरलं तर

पोट मऊ आहे, माणूस पाणी पितोय, ताप नाही, मधे मधे आराम पडतोय, तर थांबायला हरकत नाही. पण थांबणं म्हणजे झोपणं नव्हे, दर दोन तासांनी पाहणं. जड जेवण बंद. पातळ आंबील, ताक-भात, वरणाचं पाणी चालेल. जुलाब असतील तर एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट, किंवा सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, हे विसरू नका. मीठ जास्त झालं तर लेकराला अपाय होतो. पोरांना जुलाब थांबवायच्या गोळ्या देऊ नका. त्यांना झिंक लागतं, ते आशाताईंकडे मिळतं. मोठ्या माणसाला दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी, पुन्हा लागली तर सहा तासांनी. लघवी नीट होतेय का ते विचारत राहा.

पोट टणक वाटत असेल तर खाणं-पिणं बंद ठेवा, ओठ ओले करण्यापुरतं पाणी द्या. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं असलेलं बरं.

गावातल्या डॉक्टरची सुई आणि सलाईन हा नाजूक विषय आहे. रात्री दार ठोठावलं तर उठणारा तोच असतो, हे नाकारून कसं चालेल? वेदना कमी करणारं औषध मोठ्या रुग्णालयातही देतातच. फरक एवढाच की तिथे देऊन माणसावर लक्ष ठेवतात, आणि गावात सुईने बरं वाटलं की निघायचंच राहून जातं. सुई घेतलीच तर तिचं नाव चिठ्ठीवर लिहून मागा. आणि सहा तासांनी दुखणं परत आलं, तर दुसरी सुई घेऊ नका, गाडी बोलवा.

निघताना

१०८ ला फोन करा, पैसे लागत नाहीत. गावाचं नाव एकट्याने पुरत नाही, एकाच नावाची दोन-तीन गावं असतात. तालुका, जवळचा फाटा आणि टोला सांगा, आणि एका पोराला टॉर्च घेऊन फाट्यावर उभं करा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर गावातलीच गाडी काढून वाटेत गाठ घालता येईल का, हे फोनवरच विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाईन आणि तपासणी होते, पोटाचं ऑपरेशन होत नाही. पोट टणक असेल, बाईला भोवळ येत असेल, रक्ताची ओकारी असेल, तर थेट उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात चला, असं गाडीतल्या डॉक्टरांना सांगा. तिथून पुढे यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, सेवाग्रामचं कस्तुरबा, नागपूरचं मेडिकल किंवा मेयो.

सोबत आधार आणि रेशनकार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं, जुने कागद, बाईचं गरोदरपणाचं कार्ड. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. मोठं ऑपरेशन निघालं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पैसे भरायच्या आधी विचारा.

डॉक्टरांपुढे ‘गॅस झाला’ असं तुमचं निदान सांगू नका. केव्हा सुरू झालं, कुठे होतं, कुठे गेलं, काय खाल्लं, शेवटची पाळी कधी, दारू किती, कोणतं औषध फवारलं, एवढं खरं सांगा. दारूबद्दल बायकोसमोर बोलवत नसेल तर तिला क्षणभर बाहेर थांबायला सांगा.

तपासून परत पाठवलं तर

सोनोग्राफी नॉर्मल निघाली म्हणजे पोटात काही नाही, असं होत नाही. सोनोग्राफीत जठराचा अल्सर दिसत नाही आणि सुरुवातीचं अपेंडिक्सही सुटू शकतं. म्हणून घरी आल्यावर ताप, ओकाऱ्या किंवा चालताना चमक सुरू झाली, तर ‘कालच दाखवलं’ म्हणून लाजू नका, त्याच कागदांसह परत जा. महिनोन्‌महिने थोडंथोडं दुखतंय, वजन उतरतंय, संडासची सवय बदललीय, गिळताना अडतंय, किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच असं दुखणं लागलंय, तर ओपीडीत सलग दाखवावं लागेल, एका फेरीत काम होणार नाही. पुढची तारीख देताना डॉक्टरांना तुमच्या तालुक्याच्या बाजाराचा दिवस सांगा आणि तीच तारीख मागून घ्या. त्या दिवशी जायला-यायला गाडी मिळते.